आकिंचन्य म्हणजे भंगारवाल्याला हाक नव्हे



आज थोडी भांडायला बसले आहे. चहा घेऊन बसा.

मागच्या दशलक्षण पर्वाच्या आधी आमच्या मंडळाचं लोखंडी कपाट रिकामं करायचं ठरलं. खालच्या दोन कप्प्यांत डिस्क होत्या. प्रवचनांच्या, पूजेच्या, पंचकल्याणकाच्या, शिखरजीच्या यात्रेच्या, कुणाकुणाच्या दीक्षा सोहळ्याच्या. शिवाय ज्या वृद्ध बायका गेल्या त्यांच्या सुनांनी "मंदिरात उपयोगी पडतील" म्हणून आणून दिलेल्या. आदल्याच महिन्यात मंडळात 'घर हलकं, मन हलकं' अशा धर्तीचं एक व्याख्यान झालं होतं. त्याचा रंग अजून उतरला नव्हता. एक मैत्रीण म्हणाली, "अहो, उत्तम आकिंचन्य नुसतं पूजेत म्हणायचं का? करून दाखवू या." सगळ्यांनी माना डोलावल्या. भंगारवाल्याला फोन झाला. तो आला, दोन गोण्या घेऊन आला, आणि डिस्कचे डबे किलोवर घेईन, नुसत्या डिस्कचं काही देणार नाही, असं म्हणाला.

त्या क्षणी मी काय बोलले ते नीट आठवत नाही, पण मोठ्याने बोलले हे खरं. शेवटी दोन रिक्षांमध्ये भरून ते सगळं बोरिवलीतल्या माझ्या घरी आलं. आमच्या अहोंनी दार उघडलं, खोक्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि काही न बोलता बाजूला झाले. छत्तीस वर्षांच्या संसारात एवढं शहाणपण आलं आहे त्यांना. मोजल्या तेव्हा ४३७ भरल्या.

आता माझं म्हणणं सांगते. घरात साठलेली प्रत्येक वस्तू परिग्रह, आणि ती बाहेर फेकली की झाला अपरिग्रह, हे गणित आपल्याकडे कुठून आलं? आपल्या शास्त्रातून तर नाही. उमास्वामींनी परिग्रह म्हणजे काय ते सांगताना वस्तूंची यादी दिलेली नाही. त्यांनी मूर्च्छा सांगितली, म्हणजे आसक्ती, माझं-माझं म्हणून जीव अडकणं. गोणीत डिस्क भरून देताना कुणाची कसली आसक्ती सुटत होती? उलट त्याच आठवड्यात त्याच मैत्रिणींपैकी तिघींनी दिवाळीसाठी सोफ्याची कव्हरं आणि काचेचं नवं शोकेस बघून ठेवलं होतं. जुनं फेकायचं ते नव्याला जागा हवी म्हणून. त्याला हवं तर आवराआवर म्हणा, टापटीप म्हणा. नवव्या दिवसाच्या धर्माचं नाव त्याला देऊ नका.

आणि आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे, तिची मात्र कुणी आठवण काढत नाही. पाच समितींमधली चौथी, आदाननिक्षेपण समिती. वस्तू उचलताना आणि ठेवताना पाहून, जपून, यत्नाने. ती मुनींसाठी सांगितली आहे, पण तिची सावली आपल्या स्वयंपाकघरात रोज असतेच. डबा उघडताना आपण आधी टकटक करतो, पीठ चाळून घेतो, सरपण होतं तेव्हा ते झटकून चुलीत घालायचो. ठेवणं हीसुद्धा एक साधना आहे, असं मानणारा आपला समाज. तो आता 'ठेवणं' या शब्दालाच लाजायला लागला आहे.

मला राग येण्याचं एक कारण वैयक्तिक आहे. ते लपवत नाही.

आमची आई जयसिंगपूरला असायची. १९९९ च्या महावीर जयंतीला तिने पाळणा म्हटला, तो माझ्या भावाने कॅसेटवर घेतला होता. मागे बायकांचा कोलाहल, कुणाचं तरी मूल रडतंय, आणि मधूनच आई गाणं थांबवून "अगं दोरी हलव की" असं कुणालातरी सांगते. २००४ मध्ये आम्ही ती कॅसेट एका दुकानातून डिस्कवर उतरवून घेतली. आता डिस्क झाली म्हणून कॅसेट टाकून दिली. २०१७ मध्ये आमची इमारत रिडेव्हलपमेंटला गेली, भाड्याच्या घरात जायचं होतं, सामान कमी करायचं होतं. तेव्हा, आता सगळं फोनवर असतंच, म्हणून मी स्वतःच्या हाताने डिस्कचं एक खोकं खालच्या वॉचमनला देऊन टाकलं. त्यात ती होती. फोनवर ती कधीच घेतलेली नव्हती. आईला जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. हे माझ्या लक्षात कधी आलं? नव्या घरात पहिल्या महावीर जयंतीला, पाळणा सजवताना.

म्हणून "नव्या यंत्रात आहेच की" हे वाक्य मला कुणी ऐकवू नये. कॅसेट टाकताना मी तेच म्हटलं होतं, डिस्क टाकतानाही तेच म्हटलं. दोन्ही वेळा शहाणपणाचंच वाटलं होतं.

"यूट्यूबवर सगळं असतं." हे दुसरं वाक्य. अहो, सिनेमे असतात, प्रसिद्ध स्तोत्रं असतात, मोठ्या आचार्यांची प्रवचनं असतात. पण तुमच्या सोसायटीतल्या हॉलमध्ये २००६ साली आर्यिका माताजींनी बारा भावनांवर सात दिवस जे सांगितलं, ते कुणी चढवलं? तुमच्या सासऱ्यांनी भक्तामर शिकवताना कुठे श्वास घ्यायचा ते सांगितलं, ते कुणी चढवलं? ज्याने छायाचित्रण केलं तो स्टुडिओ बंद झाला, मूळ टेप पुसून त्यावर पुढचं लग्न घेतलं गेलं. जगात एकच प्रत उरते, आणि ती आपल्या दिवाणाखाली असते.

डिस्क बनवणाऱ्यांचंच बघा ना. २००७ मध्ये मोझर बेअर कंपनीने अठ्ठावीस रुपयांत व्हीसीडी आणि चौतीस रुपयांत डीव्हीडी बाजारात आणली, तेव्हा घरोघरी त्यांचे ढीग लागले. भाजीच्या पिशवीबरोबर लोक सिनेमा घेऊन यायचे. तीच कंपनी २०१८ मध्ये अवसायनात निघाली. आज नव्या लॅपटॉपला डिस्क घालायची फटच नसते. म्हणजे हातातल्या डिस्कवरून काही उतरवून घ्यायचं असेल तर त्याला मुदत आहे, आणि ती लांबत नाहीये.

आता थोडं मागे जाऊ. श्रुतपंचमीला आपण काय करतो? ज्येष्ठ शुद्ध पंचमीला ग्रंथ बाहेर काढतो, झटकतो, वेष्टनं बदलतो, पूजा करतो. कशासाठी? तर धरसेन आचार्यांना गिरनारच्या गुहेत भीती वाटली की माझ्याबरोबर हे ज्ञान संपेल. त्यांनी पुष्पदंत आणि भूतबली या दोन मुनींना बोलावून शिकवलं, त्यातून षट्खंडागम लिहून झाला. तोवर सगळं मुखोद्गत होतं. म्हणजे आपला हा सण मुळात एका माध्यमातून दुसऱ्या माध्यमात वेळेवर उतरवून घेतल्याचा सण आहे. पाठांतरातून ताडपत्रात.

आणि पुढची गोष्टही तशीच. धवला, जयधवला, महाधवलाच्या ताडपत्रांच्या प्रती कित्येक शतकं एका मुडबिद्रीत उरल्या होत्या. लोक दर्शन घ्यायचे, वाचायचं कुणी नाही. त्या बाहेर याव्यात म्हणून सोलापूरच्या हिराचंद नेमचंद दोशींनी आणि मुंबईच्या माणिकचंद पानाचंद शेठजींनी खटपट केली. नकला व्हायला वर्षानुवर्षं लागली. अमरावतीच्या कॉलेजात शिकवणाऱ्या प्राध्यापक हिरालाल जैन यांनी पहिला खंड छापून काढला तो १९३९ मध्ये, आणि सोळावा १९५८ मध्ये. आचार्य शांतिसागर महाराजांना जेव्हा कळलं की ताडपत्रांचा काही भाग किडीने खाल्ला, तेव्हा त्यांनी हे ग्रंथ ताम्रपत्रांवर कोरून घेण्याची प्रेरणा दिली. अंगावर वस्त्र न ठेवणारे महाराज. त्यांच्याहून अपरिग्रही कोण? पण श्रुत सांभाळायचा प्रश्न आला तेव्हा त्यांनी तांब्याचे पत्रे घडवायला सांगितले. "आता कशाला, मोह आहे तो" असं म्हटलं नाही.

त्याच महाराजांची १९५५ मधली कुंथलगिरीची यमसल्लेखना. ८ सप्टेंबरला, सल्लेखनेच्या सव्विसाव्या दिवशी, त्यांनी शेवटचा उपदेश केला. मराठीत, साधारण बावीस मिनिटं. कुणीतरी तिथे ध्वनिमुद्रणाचं यंत्र नेऊन ठेवलं होतं. त्या काळात कुंथलगिरीच्या डोंगरावर ते यंत्र चढवणं म्हणजे काय असेल याचा विचार करा. १८ सप्टेंबरला महाराजांनी देह ठेवला. तो आवाज आज आहे, आपल्या भाषेत आहे, कारण कुणीतरी तो घेतला, आणि, हे जास्त महत्त्वाचं, नंतरच्या कुणीतरी ती टेप टाकून दिली नाही. माझ्या घरी आलेल्या त्या ४३७ डिस्कमध्ये या उपदेशाच्या दोन होत्या. गोणीत चालल्या होत्या.

एवढं बोलून झाल्यावर तुम्ही विचाराल, ठेवायच्या कुठे? साडेचारशे फुटांच्या घरात? रास्त प्रश्न आहे. आणि मला इथेच सगळ्यात जास्त सांगायचं आहे, कारण जागा नाही ही सबब निम्मी खोटी आहे. जागा डिस्क खात नाही, तिचा डबा खातो.

हिशोब करून बघा. डिस्क असते १.२ मिलिमीटर जाड. तिचा तो कडक प्लास्टिकचा डबा एक सेंटिमीटर. ४३७ डबे उभे लावले तर सव्वाचार मीटरच्या वर फळी लागते, म्हणजे हॉलची अख्खी भिंत. सिनेमाच्या डीव्हीडीचा उंच डबा तर दीड सेंटिमीटर. सुताराला विचारलं तर तो लगेच भिंतभर शोकेस सांगतो, आणि आकडा ऐकूनच आपण भंगारवाल्याला फोन करतो. त्याच डिस्क कागदी पाकिटात घातल्या की प्रत्येकीला साधारण दोन मिलिमीटर. ४३७ डिस्क एका मीटरच्या आत बसल्या. कपाटाच्या एका कप्प्यात, मागे-पुढे दोन रांगांत, आणि वर माझ्या ओढण्यांना जागा उरली.

पाकिटं लॅमिंग्टन रोडला शंभराच्या गठ्ठ्याने मिळतात, स्टेशनरीच्या घाऊक दुकानातही मिळतात. तेवढेही पैसे घालायचे नसतील तर घरी घडी घाला. पांढरा साधा कागद, डिस्क मावेल असा चौकोन, तीन बाजू दुमडायच्या, खळ अगदी कडेला. दुपारी मालिका बघत आम्ही दोघी जावांनी दीडशे केली. फक्त गुळगुळीत रंगीत छपाईचं मासिक वापरू नका. शाई पावसाळ्यात चिकटते. आणि झिप लावायच्या त्या प्लास्टिकच्या पानांच्या अल्बमवर फार विश्वास ठेवू नका. स्वस्तातलं मऊ प्लास्टिक मुंबईच्या उकाड्यात डिस्कला चिकटून बसतं, ओढून काढताना ओरखडा. मंडळाकडून आलेल्यांपैकी सर्वांत जास्त खराब झालेल्या याच अल्बममधल्या होत्या.

खोकं कुठलंही चालेल, पण दुकानात जाताना मापपट्टी न्या. आतली रुंदी एक रांग ठेवायची तर तेरा सेंटिमीटर, दोन ठेवायच्या तर सव्वीस. उंची तेरापेक्षा कमी नको, नाहीतर झाकण बसत नाही. बुटाचे बरेचसे खोके इथेच थोडक्यात मार खातात. मी भाजीच्या प्लास्टिक टोपल्यांसारख्या दिसणाऱ्या चौकोनी टोपल्या स्टेशनजवळच्या बाजारातून घेतल्या, तीन. पाकिटं, टोपल्या, एक वही, एक मार्कर, सगळं मिळून साडेसातशे रुपयांच्या आत. शोकेसचा आकडा मी इथे लिहीत नाही, तुमच्या अहोंनी वाचला तर घोटाळा व्हायचा.

डिस्क उभ्या ठेवायच्या. एकावर एक आडव्या रचून ठेवू नका, ताट नाहीत ती. फार घट्टही नाही, फार सैलही नाही. घट्ट असल्या तर काढताना घासतात, सैल असल्या तर कलून वाकतात. उचलताना कडेने आणि मधल्या भोकात बोट घालून. आपण दिवा उचलतो ना ज्योतीला धक्का न लावता, तसं.

आणि एक गोष्ट, जी मला स्वतःला पन्नाशीत कळली. आपण सगळे चकचकीत बाजू जपतो. ती खाली ठेवायची नाही म्हणून डिस्क नेहमी चित्राच्या बाजूवर पालथी घालतो. सीडीच्या बाबतीत हे उलटं आहे! चकचकीत बाजू म्हणजे जाड, पारदर्शक प्लास्टिक. आवाज असतो तो वरच्या, नाव छापलेल्या बाजूला लागून असलेल्या पातळ पापुद्र्यावर, आणि त्याच्यावर फक्त वार्निशचा एक हात असतो. खालच्या बाजूचा हलका ओरखडा बऱ्याचदा वाजून जातो. वरच्या बाजूला बॉलपेनने जोर देऊन 'पर्युषण २००५' लिहिलं की ते आत उमटलंच समजा. कागदी लेबल चिकटवून नंतर उपटलं तर पापुद्राच त्याच्याबरोबर निघतो. डीव्हीडी थोडी भाग्यवान, तिचा पापुद्रा दोन थरांच्या मधोमध असतो. पण आपल्या घरातली कुठली सीडी आणि कुठली डीव्हीडी हे बघत कोण बसणार? सगळ्यांनाच सारखं जपा. लिहायचंच असेल तर मऊ टोकाच्या मार्करने, मधल्या भोकाच्या भोवतीच्या पारदर्शक कड्यावर, फक्त नंबर.

पुसायचं असेल तर जुन्या मलमलीच्या कोरड्या फडक्याने, मधून कडेकडे सरळ. गोल गोल नाही. आपला हात पोळपाट पुसल्यासारखा गोल फिरतो, तो आवरावा लागतो.

ठेवायच्या जागेबद्दल. पोटमाळ्यावर नको. स्लॅबखाली मे महिन्यात भट्टी असते आणि जुलैत गळती. दिवाणाखालीही नको. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तळमजल्यावर राहणाऱ्यांना विचारा, दिवाणाखाली ठेवलेल्या लग्नाच्या अल्बमचं काय झालं. कपाटाचा मधला कप्पा, तोही पावसाची झड लागते त्या भिंतीला टेकलेलं कपाट नको. खिडकीचं ऊन तर अजिबात नको, घरी कोरलेल्या डिस्कचा रंग उन्हाने विटतो आणि रंगाबरोबर आवाजही.

दमटपणाचं आपल्याला वेगळं सांगायला नको. पावसाळ्यात पापड-खाकऱ्यावर जीवोत्पत्ती होऊ नये म्हणून आपण जे करतो तेच इथे. नव्या चपलांच्या खोक्यात आणि औषधाच्या बाटलीत येतात त्या कोरडेपणा धरणाऱ्या पुड्या टाकून देऊ नका, त्या टोपलीत ठेवा. आश्विनाच्या कोरड्या हवेत एकदा टोपल्या उघड्या करून सावलीत ठेवा. डांबराच्या गोळ्या मात्र नकोत. एकतर त्या कशासाठी असतात हे आपल्याला ठाऊक आहे. दुसरं, त्यांची वाफ प्लास्टिकला चांगली नाही. जुन्या सुती साडीचं वेष्टन टोपलीभोवती गुंडाळलं की धूळ जात नाही. सुतीच. रेशमाचं आपल्याकडे ग्रंथालाही चालत नाही. (एक गंमत सांगते. ग्रामोफोनच्या जुन्या काळ्या तबकड्या लाखेपासून करायचे, आणि लाखेचा व्यापार श्रावकाला वर्ज्य सांगितलेला. तरी आमच्या आजोबांकडे नाट्यगीतांच्या वीसेक होत्या. ते म्हणायचे, मी व्यापार कुठे करतो, मी नुसतं ऐकतो! आपल्या मुंबईत तर १९९० पासून अशा तबकड्या जमवणाऱ्यांची एक सोसायटीच आहे.)

लावायच्या कशा, यावर माझं आणि जावेचं चांगलं वाजलं. ती म्हणे विषयवार, मी म्हणे नुसते नंबर. विषयवार लावलं की मध्ये नवीन डिस्क आली की सगळं सरकवावं लागतं, आणि 'शिखरजी यात्रा, दुसऱ्या बाजूला मुंज... नव्हे, बारसं' अशी डिस्क कुठे घालायची? आपल्या शास्त्रभांडारांत हस्तलिखितांना वेष्टन क्रमांक असतो आणि एक वेगळी सूची असते. ग्रंथ क्रमांकावर सापडतो, विषय सूचीत बघायचा. तेच केलं. १ ते ४३७. वहीत प्रत्येक नंबरासमोर काय आहे, कुणी दिली, कोणत्या साली, आणि एक रकाना 'वाजते / अडकते / गेली'. मी जिंकले, पण अक्षर तिचं चांगलं म्हणून वही तिने लिहिली.

आता दुसऱ्या बाजूच्या मैत्रिणींशी. ज्या माझं वाचून खूश झाल्या असतील, कारण त्यांनी सगळंच साठवून ठेवलंय. थांबा. तुमच्याशीही माझं भांडण आहे. ४३७ वाजवून बघताना कळलं की त्यातल्या दोनशेच्या आसपास बाजारात विकत मिळालेल्या होत्या. हिंदी सिनेमे, योगासनं, वर्तमानपत्राबरोबर फुकट आलेली इंग्रजी शिकवणी, एकाच भक्तामराच्या अकरा प्रती. ह्या कशासाठी? "पैसे पडलेत" म्हणून? तो लोभ, त्याच्यासाठी चौथ्या दिवसाचा शौच धर्म आहे. त्या मी दिल्या, वृद्धाश्रमाला विचारून, त्यांच्याकडे प्लेअर आहे याची खात्री करून. राहिलेल्या ई-कचऱ्याच्या पेटीत. गॅलरीत दोरीला बांधून कबुतरं हाकलायला नाहीत. एका घरात मी प्रवचनाची डिस्क अशी वाऱ्यावर गिरक्या घेताना पाहिली आहे. त्या घरी पुन्हा चहाला गेले नाही.

उरल्या दोनशे तीस-चाळीस. त्यात खऱ्या एकमेव किती, ज्यांची जगात दुसरी प्रत नसेल? वही सांगते, छप्पन्न. साडेचारशेच्या ढिगात छप्पन्न. आणि भंगारवाल्याकडे चालल्या होत्या त्या ढिगाबरोबर. म्हणून मी म्हणते, फेकायच्या आधी ऐका. सगळंच फेकणारी आणि सगळंच ठेवणारी, दोघीही ऐकत नाहीत.

छप्पन्नपैकी नऊ गेल्या होत्या. दिव्यासमोर धरल्या की चाळणीसारखी बारीक भोकं दिसतात, पापुद्रा उडालेला. त्यांतली एक आमच्याच इमारतीतल्या एका काकूंच्या अण्णांची होती, समाधीमरणाच्या आधीचा क्षमायाचनेचा दिवस. काकूंना सांगायला गेले. त्या म्हणाल्या, "माझ्याकडे होती तेव्हा तू का नाही सांगितलंस?" याला मी काय उत्तर देणार होते?

बाकीच्या उतरवून झाल्या. त्यासाठी लॅपटॉपला बाहेरून जोडायचा डिस्क ड्राइव्ह घेतला. एका घराने घ्यायची वस्तूच नाही ती, मंडळाच्या वर्गणीतून एक घेतली तर शंभर घरांना पुरते. व्हीसीडीमधली फाईल तर नुसती उचलून दुसरीकडे ठेवता येते, गाण्याच्या सीडीला थोडी खटपट लागते, ती कॉलेजातली मुलं पाच मिनिटांत शिकवतात. एक प्रत माझ्याकडे, एक भावाकडे जयसिंगपूरला. दोन्ही एकाच पाण्याखाली जायला नकोत. आणि मूळ डिस्क? ती उतरवून झाल्यावरही ठेवली आहे. कॅसेटच्या वेळी केली ती चूक मी तिसऱ्यांदा करणार नाही.

घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, सगळीकडे सध्या इमारती पाडायला निघाल्या आहेत. तुमच्यापैकी कितीजणी या महिन्यात खोकी बांधत असाल मला माहीत नाही. बांधत असाल तर डिस्कचं खोकं वॉचमनला द्यायच्या आधी एक दुपार काढा. प्लेअर नसेल तर माझ्याकडे या. शनिवारी तीन ते पाच मी घरीच असते, ड्राइव्ह टेबलावर जोडलेलाच असतो आणि जाव वही घेऊन बसलेली असते. सूर्यास्ताआधी जेवूनच जायचं. येताना डबे आणू नका, नुसत्या डिस्क आणा, प्रत्येकीला सुती फडकं गुंडाळून.